बँड मेला, उपग्रह चालू

लघुलहरींवर बोलणाऱ्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची, सकाळ एका आकड्याने होते. सूर्य १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर किती गोंगाट करतोय हे कॅनडात पेंटिक्टनजवळच्या वेधशाळेत रोज मोजतात. त्याला सौरप्रवाह म्हणतात. आकडा दीडशेच्या वर गेला की दहा मीटरचा बँड (त्या तरंगलांबीचा रेडिओपट्टा) दूरच्या आवाजांना उघडणार, सत्तरच्या घरात घुटमळला की रेडिओवर कापड टाकून दुसऱ्या कामाला लागायचं. मला मोर्स शिकवणारे काका वर्षानुवर्षं याच हिशेबावर चालत आलेत. मी हॅमच्या उपग्रहांकडे वळले, म्हणजे त्यांच्यामार्फत बोलू लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "सौरप्रवाह किती लागतो गं तुझ्या या उपग्रहांना?"

"काहीच नाही लागत, काका," मी म्हटलं. उत्तर खरं होतं, पण अर्धं. लघुलहरींना आयनांबरावर, म्हणजे वरच्या हवेतल्या भारित थरावर, आपटून परत खाली यायचं असतं. सूर्याने आयनांबर पुरेसं भारित केलेलं असेल तरच ते जमतं. उपग्रहांचं काम १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झवर चालतं. या लहरी आयनांबर भेदून सरळ वर जातात. उपग्रह क्षितिजाच्या वर असला की बँड उघडा, खाली गेला की बंद. यात सूर्याला विचारायचं काही नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला २५व्या सौरचक्राने, म्हणजे सूर्याच्या चढउताराच्या सध्याच्या फेरीने, दिलं. हे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. सौरडागांचा आकडा ११५ च्या आसपास जाईल असं तज्ज्ञांच्या मंडळाने धरलं होतं. प्रत्यक्षात २०२४ मध्ये तो १६० च्या घरात गेला. मी पहिल्यांदा यागी (दांडीवर आडव्या काड्या बसवलेली अँटेना) हातात धरली तेव्हा चक्र चढतीला होतं. त्यामुळे उपग्रहांवर बोलायला शिकणं आणि चिडलेल्या सूर्याखाली राहणं या दोन्ही गोष्टी मला एकत्रच भेटल्या.

सुरुवात मी फक्त ऐकण्याने केली, आणि कोणी विचारलं तर हेच सांगते. एक एसडीआर डाँगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर), लॅपटॉप आणि हातात धरायची दुहेरी यागी: एकाच दांडीवर १४५ साठी तीन एलिमेंट आणि त्यांच्याशी काटकोनात ४३५ साठी सात. मनगट दुखतं एवढं सोडलं तर या अँटेनाबद्दल माझी काही तक्रार नाही. तिची नजर इतकी रुंद असते की उपग्रहाच्या दिशेत दहा-पंधरा अंशांची चूक पोटात घेते. रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर), मोठा मनोरा, जाड केबल हे सगळं नंतर आलं तरी चालतं. एक गोष्ट मात्र आधी यावी: अँटेना आणि रिसीव्हर यांच्यातली केबल आखूड असावी. ४३५ वर पातळ कोॲक्सचे दहा मीटर म्हणजे आलेल्या सिग्नलमधला बराचसा भाग वाटेतच सांडला. लांब केबल टाळता येत नसेल तर प्रीअँप्लिफायर (सिग्नल मोठा करणारं यंत्र) अँटेनापाशी बसवायचा. रेडिओपाशी बसवला तर केबलमध्ये सांडलेलं तो परत आणू शकत नाही.

पहिला उपग्रह एसओ-५०. सौदी अरेबियाने बनवलेला, २० डिसेंबर २००२ ला सोडलेला. त्याचा ट्रान्समीटर पाव वॅटचा. पाव वॅट, शेकडो किलोमीटरवरून, आणि तरी शिट्टी वाजवल्यासारखा स्वच्छ आवाज येतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे. अपलिंक (आपण वर पाठवतो ते) १४५.८५० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह, डाउनलिंक (उपग्रह खाली पाठवतो ते) ४३६.७९५ वर. उपग्रह झोपलेला असेल तर आधी ७४.४ हर्ट्झचा टोन क्षणभर देऊन त्याचा दहा मिनिटांचा टायमर सुरू करावा लागतो. डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकल्यामुळे, डाउनलिंक जागेवर राहत नाही. उपग्रह उगवतो तेव्हा तो ४३६.८०५ च्या आसपास सापडतो, डोक्यावर आला की ४३६.७९५, मावळताना ४३६.७८५. पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्या पाच मेमरींमध्ये भरून ठेवल्या की अंगठ्याने खाली उतरत जायचं. एफएम एवढं सोशिक असतं. अपलिंककडे बघायचीही गरज नसते, कारण १४५ वरचा डॉप्लर त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.

एफएम उपग्रह म्हणजे एकच वाहिनी, आणि तिच्यावर एका वेळी एकच जण. त्यामुळे संभाषण म्हणजे कॉलसाइन (स्टेशनची ओळख), ग्रिड (ठिकाणाचा संकेत), "धन्यवाद" आणि पुढचा. सुट्टीच्या दिवशी तर नुसती झुंबड. पण ऐकत ऐकत कान तयार होतात, आणि ते पुढे लागतात.

बोलायला लागल्यावर पहिली अडचण गणिताची आली. १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५. म्हणजे आपण बोलत असताना आपल्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक आपल्याच डाउनलिंकच्या शेजारी जाऊन बसतो, आणि हार्मोनिक नसला तरी जवळून आलेली पाच वॅटची ताकद रिसीव्हरला बहिरं करते. बटण दाबलं की आवाज गायब, सोडलं की परत. हे तपासायची माझी रीत अशी: ४३५ वर कुठलाही मंद, सतत वाजणारा बीकन (खुणेचा सिग्नल) लावायचा, धबधब्यासारख्या आलेखावर त्याची रेघ बघत राहायची आणि १४५ वर बटण दाबायचं. रेघ फिकट पडली तर रिसीव्हर दबतोय. ट्रान्समीटरच्या बाजूला लो-पास फिल्टर आणि रिसीव्हरच्या बाजूला १४५ अडवणारा फिल्टर बसवला की बहुतेक प्रश्न मिटतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. कारण पुढच्या पायरीवर स्वतःचा आवाज उपग्रहावरून परत ऐकत ऐकत बोलावं लागतं.

ती पायरी म्हणजे लिनिअर ट्रान्सपाँडर, एका वाहिनीऐवजी अख्खा पट्टा उचलून खाली परत पाठवणारं यंत्र. आरएस-४४ हा रशियाचा, डिसेंबर २०१९ मध्ये गेलेला, साधारण १,२०० ते १,५०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह. वर जाणारा पट्टा १४५.९३५ ते १४५.९९५, खाली येणारा ४३५.६१० ते ४३५.६७०, आणि तो उलटा: खालच्या टोकाला बोललेलं वरच्या टोकाला उमटतं, एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीतलं एलएसबी (खालची बाजू) यूएसबी (वरची बाजू) होऊन येतं. साठ किलोहर्ट्झमध्ये बरीच संभाषणं एकमेकांना न अडवता चालतात. उंची जास्त असल्यामुळे पास, म्हणजे उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची एक फेरी, वीस मिनिटांच्या आसपास चालतो, आणि हजारो किलोमीटरवरचे लोक आवाक्यात येतात. इथे कॉलसाइन आणि ग्रिडच्या पुढे जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारता येतात. मला खरी गोडी लागली ती इथेच.

एसएसबीवर मात्र डॉप्लर चुका पोटात घेत नाही. शंभर हर्ट्झ सरकलं तरी आवाज जाड किंवा किनरा होतो. यावर बऱ्याच जणांनी मान्य केलेला नियम असा, की उपग्रहाला ऐकू येणारी आपली फ्रिक्वेन्सी स्थिर राहिली पाहिजे. म्हणजे अपलिंक आणि डाउनलिंक दोन्ही सतत सुधारत राहायच्या. हाताने दोन्ही नॉब फिरवणारे कसबी लोक आहेत. मी संगणकाला करू देते. संगणक कक्षेच्या आकड्यांवरून, म्हणजे टीएलईवरून, उपग्रह या क्षणी कुठे आहे आणि किती वेगाने जवळ येतोय याचा हिशेब मांडतो आणि रेडिओला सांगतो. या दोन ओळींच्या आकड्यांत सूर्य लपलेला असतो, हे लक्षात यायला मला मोठं वादळ यावं लागलं.

त्याआधी काकांच्या लाडक्या विषयाबद्दल, म्हणजे सौरज्वालांबद्दल. मोठी ज्वाला भडकली की क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, दिवसाच्या बाजूच्या आयनांबराचा सगळ्यात खालचा थर घट्ट होतो आणि लघुलहरी त्यात शोषल्या जातात. सगळा बँड कोणी फडक्याने पुसावा तसा नाहीसा होतो. अशा एका दुपारी त्यांचा फोन आला. "बँड मेलाय. आज तुलाही काही मिळायचं नाही." मी तेव्हा गच्चीवर आरएस-४४ ची वाट बघत होते. पास झाला, नेहमीचे आवाज नेहमीच्या ताकदीने आले. शोषण साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात उतरतं. १० मेगाहर्ट्झवर ज्वालेने तीस डेसिबल खाल्ले असतील, तर १४५ वर तिच्या वाट्याला डेसिबलचा सातवा भागही येत नाही. कानाला तो कळणं शक्य नाही. संध्याकाळी मी हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि म्हणाले, "मग तुम्हा लोकांना सूर्याची मजाच नाही म्हणायची!"

मजा आहे, पण ती दुसरीकडे.

ज्वालांच्या बाबतीत एक अपवाद सांगायला हवा. काही ज्वालांबरोबर सूर्य स्वतःच मीटर आणि सेंटिमीटर लहरींवर रेडिओ गोंगाटाचा मोठा लोट सोडतो. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश लष्कराच्या रडारांवर असा गोंगाट आला. शत्रूने जॅमिंग केलं असं आधी वाटलं, आणि जे. एस. हे यांनी तो सूर्याकडून येत असल्याचं शोधून काढलं. आपली यागी योगायोगाने सूर्याच्या दिशेला असेल आणि तेव्हाच असा लोट आला, तर उपग्रहाचा सिग्नल तेवढाच राहतो पण त्याच्याखालचा खरखराट वर येतो. हे क्वचित होतं. आलेखावर सगळी पार्श्वभूमी एकदम उजळ होते, अँटेना बाजूला वळवली की परत काळोखी. घराघरातल्या चार्जरांचा आणि एलईडी दिव्यांचा खरखराट असा अँटेना फिरवून सूर्याच्या रेषेत सापडत नाही; तो खालून, क्षितिजाकडून येतो. बहुतेक वेळा दोषी तोच असतो, आणि सूर्याच्या नावावर जातो.

आवाज उगाच खालीवर होऊ लागला की त्याचंही असंच. पासमध्ये सिग्नल विरतो त्याची कारणं वेगवेगळी, आणि ती ओळखायला मला बराच काळ लागला. उपग्रह स्वतःभोवती फिरत असेल तर सिग्नल ठरावीक तालात चढतो-उतरतो. दोन-तीन आवर्तनं ऐकली की पुढचं आपणच सांगू शकतो. ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, अँटेनाशी जुळत नसेल तर यागी हातातल्या हातात नव्वद अंशांत वळवायची; सिग्नल उसळून वर आला तर कारण तेच. ध्रुवीकरणात सूर्याचा हात असतो. भारित आयनांबरातून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना लहरीचं ध्रुवीकरण पिळलं जातं, त्याला फॅरेडे परिवलन म्हणतात. हे पिळणंही फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने घटतं. सौरशिखराच्या काळात भरदुपारी १४५ वर ते काही पूर्ण फेऱ्यांचं असू शकतं, ४३५ वर त्याच्या नवव्या हिश्शाचं. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा अँटेना वापरणाऱ्यांना यातलं काही जाणवत नाही. हातात यागी धरणाऱ्याला मनगट फिरवून भागतं.

तिसरा प्रकार चिडवणारा. मी चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब राहत नाही. या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर आयनांबरात भारित कण विरळ असलेले बुडबुडे वर चढतात, आणि त्यांच्या कडांमधून जाणारी लहर थरथरते. विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, सौरचक्र भरात असताना, हे जास्त. २०२४ च्या मार्चमध्ये संध्याकाळी आठ-नऊच्या पासांना १४५ वरच्या बीकनचा सूर सेकंदात कित्येकदा फडफडायचा, मधूनच पार बुडायचा. त्याला ताल नव्हता, आणि अँटेना वळवून फरक पडत नव्हता. त्याच वेळी ४३५ वरच्या उपग्रहावर थरथर पुष्कळ कमी. मध्यरात्रीनंतरच्या पासात सगळं शांत. यावर उपाय नाही, वेळ बदलायची. रात्री उशिरा किंवा पहाटे, किंवा सरळ दिवसा.

आता वादळ. १० मे २०२४ ला भूचुंबकीय वादळ जी-५ या सर्वांत वरच्या पायरीवर पोचलं. अशी पायरी त्याआधी ऑक्टोबर २००३ मध्ये गाठली गेली होती. सौरडागांच्या एका अवाढव्य समूहातून एकामागोमाग द्रव्य उसळून पृथ्वीकडे आलं होतं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशातही लाल झाक उमटल्याचे फोटो फिरत होते. काकांचा बँड अर्थातच कोसळलेला. एसओ-५० आणि आरएस-४४ वर मी त्या दोन दिवसांत नेहमीसारखी बोलले. उच्च अक्षांशावरच्या एका स्टेशनचा आवाज घोगरा, फुसफुसल्यासारखा येत होता, कारण त्याची लहर ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून येत होती. बाकी काही नाही. वादळ येऊन गेलं आणि आपल्याकडे काही झालंच नाही, असं वाटावं इतकं सुरळीत.

मग चार दिवसांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा पास बघायला बसले. स्थानकावर हॅम रिपीटर आहे, अपलिंक १४५.९९० आणि डाउनलिंक ४३७.८००, एफएम. माझ्या लॅपटॉपवर वादळाच्या आधीचा टीएलई तसाच होता. मुद्दामच ठेवला होता, नव्याशी ताडून बघायला. दोन्ही टीएलई शेजारी-शेजारी लावले, तर नव्या आकड्यांप्रमाणे स्थानक आधी उगवत होतं.

काय झालं होतं? वादळात पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर तापतो आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगून वर चढतो. चारशे किलोमीटरवर हवा एरवी नावापुरती असते. ती तिथे अचानक कित्येक पट दाट होते. उपग्रहाला घासते. कक्षा खाली येते. आणि कक्षा खाली आली की उपग्रह मंद होत नाही, लवकर फिरतो, कारण त्याला घालायची फेरी लहान होते आणि खालच्या कक्षेतला वेगही जास्त असतो. हिशेब करायचा तर स्थानकाची कक्षा गृहीत धरल्यापेक्षा ३०० मीटर खाली असली तर ते एका दिवसात सहा सेकंदांच्या आसपास पुढे निघून जातं. दुसऱ्या दिवशी आणखी तितकंच, आणि कक्षा उतरतच असेल तर त्याहून जास्त.

सहा-बारा सेकंदांनी माझ्या यागीला काही फरक पडत नाही. पण डॉप्लरचं बघा. स्थानक डोक्यावरून जात असताना ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लर सेकंदाला सुमारे २०० हर्ट्झने घसरतो. दहा सेकंदांची चूक म्हणजे दोन किलोहर्ट्झची चूक, नेमकी पासच्या मध्यावर, जिथे सिग्नल सगळ्यात जोरदार असायला हवा. एफएमला हे चालतं. खालून फिरणाऱ्या एखाद्या उपग्रहावर एसएसबी किंवा डिजिटल काम करणाऱ्याला हे अजिबात चालत नाही; संगणक ठामपणे चुकीच्या जागी नॉब फिरवत बसतो. माणसं रेडिओ तपासतात, केबल हलवून बघतात, आणि कोणी म्हणतं की वादळामुळे सिग्नल बिघडलाय. सिग्नल ठीक असतो, फक्त वेळापत्रक जुनं झालेलं असतं.

हेच ते अर्धं उत्तर. लघुलहरींवर सूर्य बँड उघडतो आणि मिटतो. उपग्रहांवर तो घड्याळ हलवतो.

तेव्हापासून के निर्देशांक (भूचुंबकीय खळबळीचा आकडा) पाचच्या वर गेला की मी पुढचे काही दिवस खालच्या उपग्रहांचे टीएलई रोज ताजे करते. आरएस-४४ साठी आठवड्याला एकदा पुरतं. इतक्या वर हवा फुगून पोचत नाही. उंचीचा हा फरक फार मोठा आहे. ४०० किलोमीटरवर सूर्य मालक आहे, ६०० वर त्रास देणारा शेजारी, १,४०० वर त्याचं वातावरणाकरवी काही चालत नाही.

आणि खाली त्याचा हिशेब सेकंदांवर थांबत नाही. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर कोसळलं, त्यामागे तेव्हाच्या सौरचक्राने धरलेला जोर होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे चाळीस एका मध्यम वादळात परत वातावरणात पडले. ते तात्पुरते अगदी खालच्या कक्षेत होते आणि हवेचा विरोध निम्म्याने वाढला होता. हॅमच्या छोट्या घन उपग्रहांना तर स्वतःची कक्षा उचलायला इंजिनच नसतं. एओ-९२ हा श्रीहरिकोट्याहून जानेवारी २०१८ मध्ये पीएसएलव्हीने गेलेला छोटा एफएम उपग्रह. मी त्याचा सुरुवातीला खूप वापर केला. सौरचक्र चढत गेलं तशी त्याची कक्षा आठवड्यागणिक खचत गेली. पास आखूड होत गेले, डॉप्लर तिखट होत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो जळून गेला.

याच्या अगदी उलट टोकाला एओ-७ आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या उपग्रहांत बघण्यासारखा तोच. १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिला. २१ जून २००२ ला त्याचा बीकन अचानक परत ऐकू आला. शॉर्ट झालेल्या बॅटरीची जोडणी आतल्या आत तुटली, आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. म्हणजे तेव्हापासून तो अक्षरशः उन्हावर चालतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद, बाहेर आला की कोऱ्या स्मृतीने जागा. बोलण्या-ऐकण्याच्या बँडांच्या त्याच्या दोन जोड्या आहेत, मोड ए आणि मोड बी; जागा होताना कुठल्या मोडमध्ये होईल, सांगता येत नाही. वर्षातल्या ज्या आठवड्यांत त्याच्या कक्षेवर सावली पडतच नाही, तेव्हा आतला टायमर २४ तासांनी मोड बदलत राहतो, आणि मग मात्र आज ए तर उद्या बी असं ठरवून बसता येतं.

मोड बी मध्ये ४३२ वर बोलायचं आणि १४५.९५० च्या आसपास ऐकायचं. इथे शिस्त फार लागते. बॅटरीचा आधार नसल्यामुळे कोणी जास्त ताकदीने बोललं की उपग्रहाच्या आतला विजेचा दाब खाली ओढला जातो, आणि त्या क्षणी ट्रान्सपाँडरवर असलेल्या सगळ्यांचे आवाज एकदम डचमळतात. दहा वॅट आणि छोटी यागी पुरत असताना शंभर वॅट ओतणारे महाभाग आहेत. त्यांना कोणी समजावू शकलेलं नाही. आपली डाउनलिंक बीकनपेक्षा मोठी ऐकू येत असेल तर ताकद कमी करायची, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मोड ए ची गोष्ट वेगळी, आणि काकांना यात एकदम रस आला. कारण डाउनलिंक २९.४ ते २९.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्यांच्या लाडक्या दहा मीटरच्या वरच्या टोकाला. उपग्रहांच्या कामात आयनांबर खरोखर आडवं येतं ते इथे. सौरशिखरावर दहा मीटर दिवसभर उघडा राहतो, म्हणजे जमिनीवरचे दूरदूरचे सिग्नल एओ-७ च्या मंद डाउनलिंकवर येऊन बसतात. शिवाय उपग्रह क्षितिजाजवळ असताना त्याची लहर आयनांबराला इतकी तिरपी भेटते की खाली येण्याऐवजी परत वरच फेकली जाते. संगणक म्हणतो उपग्रह उगवलाय, आणि कानाला तो काही अंश वर चढेपर्यंत लागतच नाही. फॅरेडे परिवलन १४५ च्या पंचवीस पट, त्यामुळे सिग्नल सतत विरत-उमटत राहतो. काकांच्या डायपोलवर आम्ही दोघांनी मिळून असा पास ऐकला. मी बोलायला १४५ वर, ते ऐकायला २९ वर. माझाच आवाज त्यांच्या रेडिओतून आला तेव्हा ते म्हणाले, "हा आपल्यातला आहे." एओ-७ बद्दल म्हणाले, माझ्याबद्दल नव्हे.

बॅटरीचं दुखणं एकट्या एओ-७ चं नाही. खालून फिरणारे उपग्रह दिवसातून कित्येकदा सावलीत जातात. दर वेळी बॅटरी थोडी झिजते. सूर्यकणांचा आणि विकिरणपट्ट्यांचा मारा निराळाच. एओ-१० ची लांबुळकी कक्षा त्याला विकिरणपट्ट्यांतून ने-आण करायची, आणि १९८६ मध्ये त्याच्या संगणकाची स्मृती त्या माऱ्याने निकामी झाली; पुढे अनेक वर्षं तो दिशाहीन, पण ट्रान्सपाँडर चालू, असा फिरत राहिला. आजही एखादा उपग्रह दक्षिण अटलांटिकवरून जाताना रीसेट होऊन बंद सापडतो, कारण तिथे विकिरणपट्टा सगळ्यात खाली झुकलेला आहे.

क्यूओ-१०० वर यातलं बरंचसं नाही. २५.९ अंश पूर्वेवर उभा, नोव्हेंबर २०१८ मध्ये गेलेला, हॅमच्या वापरासाठी ट्रान्सपाँडर असलेला पहिला भूस्थिर उपग्रह. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतच्या पट्ट्यात दिसतो. वर २,४०० मेगाहर्ट्झ, खाली १०,४८९. डॉप्लर नाही, टीएलई नाही, पासची घाई नाही. डिश एकदा लावली की झालं. सूर्य मात्र इथेही वर्षातून दोनदा भेटायला येतो: विषुवदिनांच्या आसपास काही दिवस तो ठरावीक वेळी उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, आणि काही मिनिटं डिशमध्ये उपग्रहाच्या जोडीने त्याचाही गोंगाट शिरतो. मी त्याचा उपयोग करून घेते. गोंगाट किती डेसिबलने वर आला याची नोंद ठेवली की डिश आणि एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला रिसीव्हर) गेल्या वेळेइतकेच चांगले आहेत की नाही ते कळतं. आकडा कमी आला तर डिश हललीय किंवा जोडणीत पाणी शिरलंय. सूर्याचा गोंगाट रोज सारखा नसतो, त्यामुळे त्या दिवशीचा सौरप्रवाहही शेजारी लिहून ठेवावा लागतो. पेंटिक्टनचा तो आकडा अखेर माझ्याही वहीत आला. काकांना सांगितलं नाही अजून.

चक्र आता उतरणीला लागलंय. उतरणीत वादळं थांबत नाहीत. ऑक्टोबर २००३ चं वादळ तेव्हाच्या शिखरानंतर दोनेक वर्षांनी आलं होतं. त्यामुळे टीएलई रोज ताजे करायची सवय मी सोडलेली नाही. पण पाचशे किलोमीटरच्या आसपास आता जे उपग्रह जातील त्यांना पुढची काही वर्षं वरची हवा पातळ मिळेल, आणि एओ-९२ पेक्षा त्यांना जास्त आयुष्य लाभेल. तेवढ्या हिशेबावर मी रोटेटर घ्यायचं ठरवलंय. मनगटानेही तेच सुचवलं होतं.